कोरलचा टिश्यू बुडापासून परत परत सुटतोय? डिप नंतर करा, आधी केएच बघा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये हार्ड कोरल, म्हणजे दगडी सांगाड्याचं कोरल, ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. टॉर्च असो, हॅमर असो, अ‍ॅक्रोपोरा असो की मोंटिपोरा, काही महिने सगळं मस्त चालतं, पॉलिप फुललेले असतात, टोकांना नवीन वाढ दिसत असते, आणि मग एक दिवस बुडाशी टिश्यू, म्हणजे कोरलचा जिवंत मांसल थर, सुटून पांढरी रेघ दिसते आणि ती हळूहळू वर चढायला लागते. मग धावपळ सुरू होते, पाणी बदला, डिप करा (म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून काढा), जागा बदला, लाईट कमी करा, सगळं एकाच आठवड्यात. दोन-तीन आठवड्यांनी ते थांबतं, वाटतं की जमलं, आणि काही महिन्यांनी परत तेच, बऱ्याचदा दुसऱ्याच कोरलवर. एकदाच झालं असेल तर कारण काहीही असू शकतं, पण ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होत असेल तर टँकमध्ये काहीतरी सतत सरकतंय एवढं नक्की, आणि माझ्या मते बहुतेक घरगुती टँकमध्ये ती सरकणारी गोष्ट असते अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, जिला आपण सगळे केएच म्हणतो. म्हणून ही पोस्ट मुख्यतः केएचवर आहे, बाकीची कारणं येतील पण थोडक्यात.

आधी नीट बघा, पांढरं म्हणजे नक्की काय पांढरं

पांढरं दिसलं की सगळे ब्लीचिंग म्हणतात, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. ब्लीचिंगमध्ये टिश्यू जागेवर असतो, फक्त त्याच्यात राहणारं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे झूझँथेली, निघून गेलेलं असतं, म्हणून आरपार सांगाडा पांढरा दिसतो. बॅटरीचा उजेड तिरका मारून बघा, पातळ चकचकीत पडदा दिसेल, पॉलिपही बाहेर येत असतील. हे साधारणपणे उष्णतेने होतं, पाणी ३० अंशांच्या वर काही दिवस राहिलं तर, किंवा लाईट अचानक वाढवला तर. असं कोरल जिवंत असतं आणि सावरू शकतं. टिश्यू सुटणं म्हणजे वेगळं, तिथे सांगाडा उघडाच पडतो, त्याच्या खाचा आणि कडा स्पष्ट खरखरीत दिसतात, आणि जिवंत भाग कुठे संपतो ती सीमा एका रेघेसारखी दिसते.

या पांढऱ्या पट्ट्याची रुंदी बघा, त्यातून बरंच कळतं. उघड्या पडलेल्या सांगाड्यावर काही दिवसांतच हिरवट-तपकिरी शेवाळाचा थर धरतो, त्यामुळे पांढरा पट्टा अगदी बारीक असेल आणि त्याच्या खाली लगेच हिरवं असेल तर सरकणं हळू चाललंय, तुमच्याकडे शोध घ्यायला वेळ आहे. पट्टा रुंद आणि पांढराशुभ्र असेल तर वेग जास्त आहे. आणि काही तासांत टिश्यूचे तुकडे सुटून पाण्यात तरंगायला लागले तर ते आरटीएन, म्हणजे झपाट्याने टिश्यू गळणं, तिथे केएचची वही काढत बसायचं नाही, सरळ कापायचं, त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

कुठून सुटतंय हेही बघा. सगळ्या बाजूंनी बुडापासून वर येतंय तर पाण्याच्या केमिस्ट्रीवर संशय घ्या. फक्त एकाच बाजूने सुटतंय तर त्या बाजूला शेजारी कोण आहे ते बघा, किंवा पंपाचा झोत थेट तिथे बसतोय का ते. फक्त टोकं पांढरी पडून त्यांच्यावर शेवाळ धरतंय तर केएच जास्त आणि नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी, असं जोडीने असायची शक्यता मोठी. मधे मधे गोल गोल डाग असतील तर कोणीतरी खातंय. आणि दाट वाढलेल्या अ‍ॅक्रोपोराच्या अगदी खालच्या सावलीतल्या फांद्या हळूहळू मरत असतील तर तिथे प्रकाश आणि फ्लो पोचत नाही एवढंच, वरचा भाग छान वाढत असेल तर त्यासाठी टँक उलटापालटा करू नका. नवीन लोकांसाठी एक सांगतो, फांद्यांच्या टॉर्च आणि हॅमरमध्ये टिश्यू दांड्याच्या फक्त वरच्या भागावरच असतो, खालचा दांडा उघडाच असतो, ते आजारपण नाही. तो टिश्यू वर वर आक्रसत चाललाय का, सांगाड्याच्या धारदार कडा त्यातून बाहेर दिसायला लागल्यात का, हे बघायचं. दर आठवड्याला एकाच जागेवरून, एकाच कोनातून, तोच लाईट ठेवून फोटो काढा, नुसत्या आठवणीवर कळत नाही.

किड्यांचं पटकन सांगून टाकतो. रात्री लाईट गेल्यावर काही वेळाने बॅटरी घेऊन बघा, अ‍ॅक्रोपोरावर चपटे किडे असतात ते अंगाच्या रंगात इतके मिसळतात की दिसतच नाहीत, पण खाल्ल्याचे गोल डाग आणि उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे पुंजके दिसतात. मोंटिपोरावर पांढरे बारीक न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी, असतात, ते बहुतेक खालच्या बाजूला लपतात. सापडले तर डिप करावंच लागेल, पण डिपने अंडी मरत नाहीत, त्यामुळे अंडी खरवडून काढायची, कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं तो प्लग शक्यतो फेकून द्यायचा, आणि दर आठवड्याला परत डिप, असं काही आठवडे. टॉर्च किंवा हॅमरवर तपकिरी जेलीसारखा घाण वासाचा लगदा दिसला तर तो ब्राऊन जेली, पंप बंद करून तो लगदा नळीने ओढून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या डोक्यांवर पसरणार नाही, आणि ते डोकं वेगळं करायचं. यातलं काहीच नसेल आणि तरी बुडापासून सुटतंय, तर पुढे वाचा.

केएचच का

हार्ड कोरलचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅरागोनाइट या रूपातलं. तो बनवायला पाण्यातून दोन गोष्टी लागतात, कॅल्शियम आणि कार्बोनेट, आणि त्या ठरावीक प्रमाणातच वापरल्या जातात, २.८ डीकेएच (हे केएच मोजायचं एकक) अल्कलिनिटी खर्च झाली की कॅल्शियम २० पीपीएम खर्च होतं. आता गंमत बघा, समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१० ते ४२० पीपीएम असतं आणि अल्कलिनिटी फक्त ७ डीकेएचच्या आसपास. म्हणजे केएच १ ने उतरली तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम उतरलेलं असतं, जे घरगुती टेस्ट किटच्या चुकीतच लपून जातं. म्हणून ‘माझं कॅल्शियम ४२० आहे, सगळं ठीक आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. कॅल्शियमचा साठा मोठा आहे, केएचचा साठा लहान आहे, आणि लहान साठाच आधी हलतो.

आता हे परत परत का होतं ते. तुम्ही दोन-तीन सेंटिमीटरचे फ्रॅग, म्हणजे कोरलचे कापलेले तुकडे, आणले, तेव्हा त्यांचा रोजचा खप जवळपास शून्य, पाणी बदलण्यातूनच भागत होतं. मग ते वाढले, खप सुरू झाला, तुम्ही एकदा हिशोब करून केएच आणि कॅल्शियम भरून काढणारा रोजचा डोस लावला, केएच स्थिर झाली, कोरल खूश. खूश कोरल अजून वेगाने वाढतं, फांद्या फुटतात, पृष्ठभाग वाढतो, खप वाढतो, पण डोस तोच राहतो. रोज ०.२ डीकेएचचा तुटवडा पडायला लागतो. ०.२ कोणालाच दिसत नाही, कुठल्याही घरगुती टेस्टमध्ये ०.२ म्हणजे काहीच नाही, पण दोन आठवड्यांत ते २.८ होतात. ८.५ वर असलेला टँक ५.७ वर येतो. आणि यात भर म्हणजे बरेच जण पाणी बदलल्यावर टेस्ट करतात, तेव्हा नवीन मिठातल्या केएचने आकडा वर आलेला असतो, त्यामुळे वहीत कायम छान आकडेच दिसतात. टेस्ट करायचीच तर पाणी बदलायच्या आधी करा, खरी स्थिती तीच.

आणि पुढचा भाग तर याहून महत्त्वाचा आहे. बुडाशी रेघ दिसली, घाबरून टेस्ट केली, केएच ६ निघाली, मग एकदम बफर, म्हणजे केएच वाढवणारी पावडर, टाकून ती ९ वर नेली. कोरलला ६ चा जेवढा त्रास होत नव्हता त्यापेक्षा जास्त त्रास त्या एका दिवसातल्या उडीने होतो. त्रासलेलं कोरल सांगाडा बनवणं कमी करतं किंवा थांबवतं. म्हणजे खप पडला. पण आता डोस वाढवून ठेवलाय, त्यामुळे केएच चढत जाते, १०, ११, आणि कोरल अजून आजारी. मग कोणीतरी सांगतं केएच जास्त आहे, डोस बंद कर, तो बंद होतो, टँक स्थिरावतो, कोरल सावरतं, वाढायला लागतं, खप परत सुरू, आणि डोस बंदच आहे. काही महिन्यांचं जे चक्र बऱ्याच जणांना दिसतं ते हे असतं. प्रत्येक टप्प्यावर माणूस प्रामाणिकपणे काहीतरी सुधारायला जातो आणि चक्र फिरतच राहतं.

यातून एक फार उपयोगाची खूण मिळते. डोस तोच असताना केएच आपोआप चढायला लागली तर त्याचा अर्थ कोरलने वाढ थांबवलीय, आणि ही खूण टिश्यू सुटायच्या बऱ्याचदा आधी दिसते. डोळ्यांना कोरल अजून छान दिसत असतं तेव्हाच आकडा सांगत असतो. त्या वेळी डोस थोडा कमी करायचा आणि कारण शोधायला लागायचं.

खप मोजायचा कसा

एक आठवडा काहीही बदलू नका. खरंच काहीही नाही, जागा नाही, लाईट नाही, नवीन औषध नाही. जो डोस चालू आहे तो तसाच चालू ठेवा आणि रोज एकाच वेळी केएच टेस्ट करून लिहून ठेवा. एकाच वेळी म्हणजे खरंच एकाच वेळी, कारण कोरल उजेडात सांगाडा खूप जास्त वेगाने बनवतं, अंधारात हळू. थॉमस गोरो यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे दिवसभरात केएच उतरते, आणि तुमचा डोस रात्री पडत असेल तर रात्री चढते, सोमवारी सकाळी आणि मंगळवारी रात्री अशी टेस्ट केली तर तुम्ही टँक नाही, घड्याळ मोजताय. मला लाईट लागायच्या आधीची वेळ आवडते, तेव्हा घाई नसते आणि आकडा तुलनेला सोपा असतो.

टेस्ट किट कुठलंही असो, थेंबांचं असो की डिजिटल, त्याचा आकडा अगदी बरोबर असायची गरज नाही, तो रोज सारखाच चुकीचा असला तरी चालतं, कारण आपल्याला फरक हवाय. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, काचेची बाटली पुसून घ्या, किट मुदत संपलेलं नको. एखाद्या दिवशी ०.३ चा फरक दिसला तर तो टेस्टचा असू शकतो, त्यावर डोस बदलू नका, पाच-सहा दिवसांची दिशा बघा.

आता हिशोब. १०० लिटर पाण्याची केएच १ डीकेएचने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे साधा शुद्ध खाण्याचा सोडा, लागतो. सोडियम कार्बोनेट वापरत असाल तर साधारण १.९ ग्रॅम, पण त्याने पीएचही वर जातो. बेकिंग पावडर वापरू नका, त्यात दुसऱ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पाणी किती आहे ते काचेच्या मापावरून काढू नका, दगड आणि वाळूची जागा वजा करा, संपमधलं, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतलं, पाणी मिळवा. समजा खरं पाणी १६० लिटर आहे आणि डोस चालू असूनही केएच रोज ०.२ ने उतरतेय, तर तुटवडा आहे ०.२ गुणिले १.६ गुणिले ३, म्हणजे जवळपास १ ग्रॅम सोडा. एवढंच. रोजच्या डोसमध्ये एक ग्रॅमची भर, आणि परत एक आठवडा बघायचं. इतक्या छोट्या बदलाने इतकं कोरल वाचतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण असंच आहे. जितका सोडा वाढवाल त्या प्रमाणात कॅल्शियमचा भागही वाढवा, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच जागी ओतू नका, पांढरा धुरळा होतो, म्हणजे दोन्ही वाया.

केएच आधीच खाली गेली असेल तर ती वर आणायचा हिशोब वेगळा ठेवा. रोजचा खप भरून काढणं एक आणि खड्डा भरणं दुसरं. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त कधीच वाढवू नका, आजारी कोरल असेल तर मी तर ०.५ च म्हणेन. ६ वरून ८ वर जायला चार दिवस लागले तर लागू देत. आणि कुठल्या आकड्यावर न्यायचं यावर फार वाद घालू नका, ७.५ ते ९ मधलं काहीही चालतं, एक आकडा निवडा आणि आठवडाभरात तो अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलणार नाही एवढं बघा. ८ वर स्थिर असलेला टँक ७ ते १० मधे फिरणाऱ्या टँकपेक्षा कधीही बरा.

डोस तोच आहे पण पडत नाहीये

हिशोब बरोबर असूनही केएच हलत असेल तर डोस खरंच पडतोय का ते बघा. डोसिंग पंपातली नळी दाबली जाऊन जाऊन सैल होते आणि तेवढ्याच वेळात कमी द्रव ओढते, टोकाला क्षार साचून ती बंदही होते. दर दोन महिन्यांनी पंपाचं टोक मापाच्या नळकांड्यात धरून प्रत्यक्षात किती मिली पडतं ते मोजा. कॅल्शियम रिअ‍ॅक्टर असेल तर आतला कॅल्शियम कार्बोनेटचा माल संपत आलाय का आणि सीओटूचे बुडबुडे तसेच आहेत का ते बघा.

कालकवासर, म्हणजे चुन्याचं पाणी, वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, कारण यात ऋतूप्रमाणे समस्या परत येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. कालकवासर आपण टॉप-ऑफच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भरायच्या, पाण्यात घालतो, म्हणजे बाष्पीभवन जितकं तितका डोस. संपृक्त कालकवासरच्या एका लिटरने १६० लिटर पाण्याची केएच साधारण ०.७ डीकेएचने वाढते. रोज दोन लिटर उडत असेल तर १.४ मिळतात. हवा दमट झाली, पंखा बंद झाला, वर झाकण आलं, आणि एकच लिटर उडायला लागलं की डोस निम्मा झाला. कोरलला हवामानाशी काही देणंघेणं नाही, त्याचा खप तोच आहे. असं असेल तर कालकवासर पायाला ठेवा आणि उरलेला भाग टू-पार्टने, म्हणजे केएच आणि कॅल्शियमच्या दोन वेगळ्या द्रावणांनी, भरा. आणि कालकवासरचं पाणी १२ च्या वरच्या पीएचचं असतं, फ्लोट स्विच अडकून सगळं एकदम टँकमध्ये गेलं तर रात्रीत सगळं संपतं, त्यामुळे टॉप-ऑफची टाकी अवाढव्य ठेवू नका.

पाणी बदलण्याचंही बघा. काही मिठं मिसळल्यावर ११-१२ डीकेएच देतात. तुमचा टँक ७.५ वर आहे, नवीन पाणी ११ वर आहे, २० टक्के बदललं तर केएच एका झटक्यात ०.७ ने चढली. ३० टक्के बदललं तर १ च्या वर. म्हणजे कोरल आजारी दिसतंय म्हणून ‘मोठं’ पाणी बदलणं हा कधी कधी दुसरा धक्का असतो. नवीन पाण्याची केएच आधी टेस्ट करा, फरक जास्त असेल तर १०-१० टक्के करून दिवसाआड बदला.

मॅग्नेशियमही एकदा बघून घ्या, समुद्रात ते १३०० पीपीएमच्या जवळ असतं. ते फार खाली असेल तर कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच गोठून हीटरवर आणि पंपांवर पांढरा थर बसतो, आणि तुम्ही कितीही सोडा टाका, केएच धरत नाही. हीटरवर असा पांढरा दगडी थर दिसत असेल तर पहिला संशय इथे.

केएच स्थिर आहे आणि तरीही

आठवडाभराच्या वहीत केएच सरळ रेषेत आहे आणि तरी सुटतंय, तर माझा पुढचा संशय नायट्रेट-फॉस्फेट शून्य असण्यावर. पूर्वी सगळे शून्याच्या मागे होते, अजूनही बरेच आहेत. पण शून्य म्हणजे कोरल उपाशी. फिकट पडलेलं कोरल, टोकं जळाल्यासारखी, वाढ थांबलेली, आणि केएच ९-१० च्या वर, ही जोडी मी फार वाईट मानतो, सांगाडा वाढवायला भरपूर माल आहे पण त्यावर टिश्यू चढवायला अन्न नाही. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, या दरम्यान ठेवा. जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, नवीन भरली की फॉस्फेट एका रात्रीत कोसळतं, आणि जीएफओ आपण ठरावीक महिन्यांनी बदलतो, म्हणजे परत परत येणाऱ्या समस्येचं हे अजून एक कारण झालं. वहीत जीएफओ, कार्बन, मिठाचं नवीन पोतं, सगळ्याच्या तारखा लिहा, आणि रेघ कधी दिसली ती तारीखही, मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. नवीन जीएफओ नेहमीच्या निम्मीच घाला. केएच ८ च्या आसपास उतरवा, मासे असतील तर त्यांना थोडं जास्त खायला घाला, आणि घाई करू नका, फॉस्फेट वर नेतानाही हळूच.

सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, दुसरी. तो मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या पाण्याने शून्यावर आणून ठेवला म्हणजे ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही, ३५ पीपीटीच्या तयार द्रावणानेच कॅलिब्रेट करा. आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही, स्किमर, म्हणजे घाण फेसातून बाहेर काढणारं यंत्र, ओला चालत असेल, म्हणजे फेसाबरोबर बरंच पाणीही काढत असेल, तर तो रोज खारं पाणी बाहेर काढतो आणि टॉप-ऑफ त्या जागी गोडं पाणी भरतो. महिन्याभरात सॅलिनिटी घसरलेली असते आणि तिच्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळंच.

मग शेजारी. टॉर्च, हॅमर आणि गॅलॅक्सिया रात्री लांब डंख मारणाऱ्या शेपट्या बाहेर काढतात, दिवसा बघितलेलं अंतर रात्री पुरत नाही, १५-२० सेंटिमीटर मोकळे सोडा. फ्लो थेट झोताने नको, इकडून तिकडून गोंधळलेला हवा, टॉर्चचा मांसल भाग सतत एका बाजूला दाबला गेला तर सांगाड्याच्या धारेवर तो फाटतो. लाईट बदलला असेल तर तीन-चार आठवडे घेऊन हळूहळू वाढवा. आणि एकदा सगळे पंप आणि चुंबकं बाहेर काढून त्यांचं आवरण तडकलंय का, गंज येतोय का ते बघा, तडकलेल्या चुंबकातून धातू पाण्यात उतरत राहतात आणि केएच, नायट्रेट सगळं बरोबर असूनही कोरल मरत जातात. तसा संशय आला तर आयसीपी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या धातूंची प्रयोगशाळेतली तपासणी, करून घ्या, तोपर्यंत ताजा कार्बन लावा.

आजारी कोरलचं आत्ता काय करायचं

हळू सरकत असेल तर त्याला हात लावू नका. जागा बदलू नका, रोज डिप करू नका, कोरलला सावरायला लागणारी शक्ती प्रत्येक डिपमध्ये खर्च होते. किडे नाहीत याची खात्री झाली की डिपची बाटली बाजूला ठेवा. उघड्या सांगाड्यावरचं शेवाळ जिवंत कडेला टेकत असेल तर मऊ टूथब्रशने, कडेपासून बाहेरच्या बाजूला, हलकंसं काढा.

रुंद पांढरा पट्टा रोज वर चढत असेल तर कापा, आणि उशीर करू नका, मला वाईट वाटतं ते लोक आशेवर थांबतात आणि मग एकही फांदी उरत नाही तेव्हा. पांढऱ्या रेघेपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर, पूर्ण निरोगी भागात कापायचं, रेघेवर नाही. अ‍ॅक्रोपोराला बोन कटर चालतो, फांद्यांच्या टॉर्चला टिश्यूच्या बऱ्याच खाली उघड्या दांड्यावर कापायचं, टिश्यूला पात्याचा स्पर्श होता कामा नये. चष्मा आणि हातमोजे घाला. तुकडे जेल सुपरग्लूने नवीन प्लगवर लावा आणि मूळ जागेपेक्षा थोड्या कमी उजेडात, मध्यम फ्लोमध्ये ठेवा. शक्य असेल तर एक-दोन तुकडे ओळखीच्या कोणाच्या टँकमध्ये द्या, तिथे ते जगले आणि तुमच्याकडे नाही, तर उत्तर पाण्यातच आहे हे कळतं.

थांबलंय हे कसं ओळखायचं, तर जिवंत भागाची कड बघा. सरकत असताना ती कड पातळ, फाटकी, विरघळल्यासारखी असते. थांबलं की ती जाड आणि गोलसर होते, तिथे रंग परत येतो. अ‍ॅक्रोपोरा आणि मोंटिपोरात काही आठवड्यांनी तीच कड पसरून मेलेल्या भागावर परत चढायला लागते. टॉर्च-हॅमरमध्ये शेवाळ धरलेल्या दांड्यावर टिश्यू सहसा खाली परत येत नाही, तिथे डोकं पुन्हा फुगायला लागलं आणि नवीन तोंड फुटलं की समजा सावरलं.

तोपर्यंत नवीन कोरल आणू नका. कड गोल झाली, वहीत दोन आठवडे केएच सपाट आली, मग आणा, आणि आणल्यावर पुढचा आठवडा परत रोज टेस्ट करा, कारण नवीन कोरलचा खप आता जुन्या हिशोबात धरलेला नाही, डोस त्याप्रमाणे बदलावा लागेल.